लक्ष्मीबाई टिळकांचा संसार

लक्ष्मीबाई टिळक हे नाव काढले की आपल्या मंडळात निदान दोघीतिघी तरी विचारतात, लोकमान्यांच्या पत्नी ना? तर तसे नाही. लोकमान्यांच्या पत्नीचे नाव सत्यभामाबाई. लक्ष्मीबाई या कवी नारायण वामन टिळक, ज्यांना पुढे रेव्हरंड टिळक म्हणू लागले, त्यांच्या पत्नी. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेच्या पुस्तकातून आपल्या सर्वांनाच त्यांची ओळख झालेली आहे. मला शाळेत असताना कवी ठाऊक होते, पण त्या कवीच्या घरी चूल कोण पेटवीत होते आणि कशाच्या बळावर पेटवीत होते, हे ठाऊक नव्हते. ते पुष्कळ वर्षांनी 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर कळले.

मंडळाच्या वाचनाच्या दिवशी या पुस्तकावर बोलणे निघाले तेव्हा दोन तट पडले होते. काहीजणी म्हणाल्या, असल्या लहरी नवऱ्याकडे ही बाई परत गेलीच कशाला? काहीजणींचे म्हणणे पडले की पतीमागून जाणे हा बायकोचा धर्मच, त्यात विशेष ते काय केले? मला यातले एकही पटले नाही. का पटले नाही ते त्यांची हकीकत सांगता सांगताच लिहिते.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1 जून 1868 चा. माहेरचे आडनाव गोखले, माहेरचे नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. गाव जलालपूर, म्हणजे आपल्या नाशिकजवळचेच, गोदावरीकाठचे. त्यांच्या आईचे वडील 1857 च्या बंडाच्या धामधुमीत फाशी गेले होते. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांना सोवळ्याचे असे काही वेड लागले की घरातल्या माणसांना जगणे कठीण झाले. बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही, मुलांनी कुणाला शिवायचे नाही, शिवलेच तर पाण्याशिवाय सुटका नाही. आपल्याही घरांतून आजीचे सोवळे आपण पाहिले आहे. वाळत घातलेल्या लुगड्याला हात लागला तर उडणारा गोंधळ आठवतो. पण ते सणावाराचे आणि देवघरापुरते. येथे बारा महिने चोवीस तास तेच. हे मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढे याच मुलीने काय केले ते वाचताना हे घर डोळ्यांपुढे असायला हवे.

मनूचे लग्न 1880 मध्ये झाले. नवरी अकरा वर्षांची, नवरा अठरा वर्षांचा. नारायणरावांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. त्यांची आई जानकीबाई ते लहान असतानाच वारली. वडील वामनराव स्वभावाने फार कडक, बापलेकांचे कधी जमले नाही. आई गेल्यावर मुलगा घराबाहेर पडला आणि नाशिकला आला. येथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. वक्तृत्व चांगले, कविता जागच्या जागी करण्याची हातोटी, रूप आणि बोलणे असे की चार माणसांत उठून दिसावा. स्थळ म्हणून पाहिले तर मात्र ना घर, ना शेत, ना नोकरी. मनूची लक्ष्मी झाली ती अशा घरात. लक्ष्मी हे नाव त्या घराला जरा मोठेच होते!

सासू नव्हती म्हणून सासुरवास नव्हता असे कुणी समजू नये. सासरा होता. आणि नवरा होता तो केव्हा असेल आणि केव्हा नसेल याचा नेम नव्हता. टिळकांच्या मनात आले की ते उठून चालू लागत. कुठे जातो, कधी येतो, हे बायकोला सांगायचे असते हे त्यांच्या गावीही नसे. मग महिने जायचे. एखादे दिवशी कुणीतरी सांगायचे की अमुक गावी दिसले, व्याख्यान दिले, लोक खूष झाले. तोवर ही बारा-तेरा वर्षांची पोर कधी सासऱ्याच्या धाकात, कधी माहेरच्या आश्रयाला. माहेरी तरी किती दिवस राहायचे? माहेरी राहिलेल्या लेकीकडे लोक कसे पाहतात ते मी सांगायला नको, आपल्या आळीत आपण पाहतोच.

शिवाय पैसा हाती टिकत नसे. मिळत नसे असे नाही. विद्वान माणूस, कुणीतरी बोलावून घ्यायचे, काम द्यायचे. पण रागाचा पारा चढला की काम सोडायचे, आणि वाटेत कुणी अडलेला भेटला की खिसा रिकामा करून यायचे. घरात पीठ आहे की नाही हा विचार नंतरचा. टिळक मनाने फार मोठे होते, यात शंका नाही. दुसऱ्याचे दुःख त्यांना पाहवत नसे. पण मोठ्या मनाच्या माणसाच्या घरी डबे रिकामे असतात आणि ते रिकामे डबे वाजू न देण्याचे काम बायकोकडे असते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांपेक्षा लक्ष्मीबाईंनी जास्त चांगली सांगितली आहे. आणि सांगताना कुठेही कुरकुर नाही. स्वतःच्या फजितीला आधी हसून घेतात, मग टिळकांच्या फजितीला.

हे हसणे हा माझ्या मते त्यांचा सर्वांत मोठा गुण. रमाबाई रानड्यांचे आत्मचरित्र 1910 साली निघाले, तेही आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचले आहे. त्यांचेही लग्न अकराव्या वर्षी झाले, त्यांनाही पतीनेच शिकविले. पण रमाबाई न्यायमूर्तींविषयी लिहितात ते हात जोडून. ते त्यांच्या जागी योग्यच आहे, न्यायमूर्ती होतेच तसे. लक्ष्मीबाईंनी हात जोडले नाहीत. त्यांनी टिळकांचा राग लिहिला, विसरभोळेपणा लिहिला, घर सोडून जाणे लिहिले, आणि इतके सगळे लिहूनही वाचणारीला टिळकांचा तिटकारा येत नाही. नवऱ्याचे दोष सांगूनही त्याची अब्रू राखायची, हे कसब पाणवठ्यावर आणि ओट्यावर बसून गाऱ्हाणी सांगणाऱ्या आपणा बायकांना काही साधत नाही. रागावू नका, मी त्यात आलेच.

टिळकांचे एक मात्र मान्य करायला हवे. त्या काळी बाईने अक्षर काढले तर नवरा मरतो असे मानणारी माणसे होती. टिळकांनी बायकोला अक्षरओळख करून दिली. शिकविताना चिडत, पाठ अर्धवट राही, मध्येच स्वारी कुठे निघून जाई, तरी जे काही वाचायला लिहायला आले ते त्यांच्यामुळे. शाळेचे तोंड लक्ष्मीबाईंनी पाहिले नाही. वाचणे चांगले जमले, लिहिण्याशी मात्र त्यांची जन्मभर झटापट चालली. मी सातवी झालेली बाई. हा लेख लिहितानाही ऱ्हस्वदीर्घ मुलीकडून तपासून घेतले. म्हणून त्या झटापटीची मला पुरती कल्पना आहे.

संसार कधी एका गावी टिकला नाही. नागपूरला आप्पासाहेब बुटी नावाचे धनिक गृहस्थ होते, त्यांच्या आश्रयाने टिळकांना संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. तेथेच 'ऋषी' नावाचे मासिक त्यांनी चालविले. 1891 मध्ये दत्तू झाला, म्हणजे देवदत्त. त्याच्या आधी पाळणा हलला होता, पण मूल राहिले नव्हते. लग्नाला अकरा वर्षे झाल्यावर मांडीवर मूल टिकले. आता तरी घडी बसेल असे त्या माउलीला वाटले असेल.

आणि मग 1893 मध्ये ती आगगाडीतली भेट झाली. टिळक राजनांदगावला चालले होते, ते आज छत्तीसगडात आहे. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या एका गोऱ्या मिशनरी गृहस्थाची गाठ पडली. बोलणे कवितेवरून धर्मावर गेले. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराचे पुस्तक दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांच्या मनात धर्माविषयी आणि जातिभेदाविषयी विचार आधीपासूनच चालले होते. या देशाला बांधून ठेवील असा धर्म कोणता, याचा ते शोध घेत होते. ते पुस्तक त्यांनी वाचले, पुन्हा वाचले, मिशनच्या लोकांशी पत्रव्यवहार केला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बायकोला विचारले नव्हते.

आज आपल्याला धर्मांतर म्हटले तर ती एक बातमी वाटते. 1895 साली ब्राह्मणाच्या बायकोवर ते काय कोसळले असेल याचा विचार करा. नवरा जिवंत आहे, पण जातीच्या लेखी मेला. कुंकू लावायचे की पुसायचे? तिला ना सवाष्ण म्हणून मान, ना विधवा म्हणून कीव. चार वर्षांचा मुलगा पदरात, त्याच्या मुंजीचे काय, त्याच्या लग्नाचे काय. नवऱ्याकडे जावे तर जात जाते, मुलाचीही जाते. न जावे तर जन्मभर दुसऱ्याच्या दारात. कायदाही असा होता की 1866 पासून ख्रिस्ती झालेल्या माणसाला, जोडीदार धर्मासाठी येत नसेल तर कोर्टातून लग्न मोडून घेता येत असे. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी पत्रे पाठविली, येण्यासाठी विनवण्या केल्या, वाट पाहिली. एवढे धीराने वागणे हे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते, तरी ते वागले, हेही लिहिले पाहिजे.

लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. पंढरपुरास थोरल्या बहिणीच्या घरी त्यांचे बरेच दिवस गेले. आप्तांनी त्यांना टाकले नाही, ही त्या आप्तांची मोठीच पुण्याई. दुःख अनावर झाले तेव्हा बाईंच्या तोंडून ओळी बाहेर पडू लागल्या. टिळकांची कविता ऐकून ऐकून कान तयार होताच. नवऱ्याने दिलेल्या दुःखावर नवऱ्याच्याच विद्येचे औषध, असा तो प्रकार झाला.

चार वर्षांहून अधिक काळ त्या अशा दूर राहिल्या. हा काळ मला फार महत्त्वाचा वाटतो. पतीमागून जाणे हाच धर्म म्हणून त्या गेल्या असत्या तर पहिल्या पत्राला गेल्या असत्या. आणि नवरा कायमचा टाकायचा असता तर पुन्हा गेल्याच नसत्या. शेवटी त्या गेल्या त्या स्वतःच्या अटीवर. नवऱ्याजवळ राहीन, पण माझा धर्म माझ्यापाशी. त्याप्रमाणे टिळकांच्या घरात त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी, सोवळे वेगळे. घराच्या एका बाजूला मिशनची माणसे, सर्व जातींची येजा, आणि दुसऱ्या बाजूला जलालपूरच्या गोखल्यांची ही लेक आपला हंडा सांभाळीत बसलेली. टिळकांनी यावर सक्ती केली नाही. रागीट माणूस, पण या एका बाबतीत त्याने बायकोची मर्जी राखली.

तरी असे दोन चुलींचे घर किती दिवस चालणार? मला वाटते, कुणी उपदेश केला असता तर त्या हट्टाने आणखी दहा वर्षे सोवळ्यात राहिल्या असत्या. पण त्यांनी आपल्याशीच विचार केला. जनावरांत जाती देवाने केल्या, माणसांत त्याने स्त्री आणि पुरुष एवढेच केले, बाकीचे भेद माणसांनी पाडले, अशा तऱ्हेने त्यांचे मन चालत गेले. आणि एकदा मनाला पटल्यावर त्यांनी उद्यावर टाकले नाही. कुणाच्याही हातचे पाणी घ्यायचे, कुणाच्याही हातचे खायचे, असे ठरविले आणि तसे केले. ज्या मुलीचे बाळपण शिवाशिवीच्या धाकात गेले, बापाच्या भीतीने जिने कधी मोकळेपणी कुणाचा हात धरला नसेल, तिने हे केले! टिळकांनी जात सोडली ती ग्रंथ वाचून. लक्ष्मीबाईंनी सोडली ती हंड्यापाशी उभे राहून. यातले अवघड कोणते, ते ज्या घरात सोवळे पाळले गेले आहे त्या घरातल्या बाईने सांगावे. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. धर्म पटला म्हणून घेतला, त्याआधी वर्ष-दीड वर्ष नवऱ्याच्या घरात राहून त्या हिंदूच राहिल्या होत्या, हे विसरू नये.

पुढचा संसार मुख्यतः अहमदनगरचा, म्हणजे हल्लीच्या अहिल्यानगरचा. त्याविषयी थोडक्यात सांगते, नाहीतर स्मरणिकेत दुसऱ्या भगिनींना जागा उरायची नाही. टिळकांचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. निराधार मुले, गरजू विद्यार्थी, कवी, पाहुणे, सगळ्यांचे ताट लक्ष्मीबाईंनी वाढले. 1907 मध्ये जळगावला कवींचे संमेलन भरले, तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणून सर्वांना थक्क करून गेला. तेच आपले बालकवी. टिळकांनी त्यांना आपल्या घरी आणले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागविले, आणि हा मुलगा आपल्या धर्मात राहूनच त्या घरात राहिला. 1918 मध्ये खानदेशात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा या माउलीने दुसऱ्याचा मुलगा गेला असे मानले नाही.

टिळकांची लहर मात्र शेवटपर्यंत गेली नाही. 1917 मध्ये त्यांनी मिशनचे काम सोडले, ख्रिस्ती संन्याशासारखे राहायचे ठरविले आणि 'देवाचा दरबार' नावाचे मंडळ काढले. पन्नाशीची बायको घरात असताना पुन्हा एकदा नवरा निघाला! पण या वेळची लक्ष्मीबाई 1895 ची राहिलेली नव्हती. टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईत वारले.

त्यानंतर सतरा वर्षे त्या जगल्या. मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर काम केले, मुलाबरोबर कराचीलाही राहिल्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र लिहावयास घेतले होते, ते अकरा अध्यायांवर थांबले होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालविले आणि चौसष्ट अध्याय लिहिले. ज्या बाईला नवरा पाठ शिकविताना चिडत असे तिने नवऱ्याच्या सहापट ओझे उचलले, आणि याबद्दल कुठे टेंभा मिरविला नाही.

'स्मृतिचित्रे' लिहिली गेली ती देवदत्तांच्या आग्रहाने. वडिलांच्या आठवणी आईने लिहून ठेवाव्या, एवढीच मुलाची इच्छा होती. आठवणी लिहिता लिहिता त्यात आईच जास्त आली, हे वाचकांचे भाग्य. 'संजीवनी' साप्ताहिकातून त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. 1934 मध्ये पहिला भाग पुस्तकरूपाने निघाला, पुढचे भाग मागोमाग आले. लोकांना भाषेचेच नवल वाटले. पुस्तकी शब्द नाही, संस्कृतची फोडणी नाही. घरात आपण बोलतो तसेच. पुढे 1950 मध्ये पुस्तकाचे थोडक्यात इंग्रजी भाषांतर झाले आणि 2017 मध्ये शांता गोखले यांनी संपूर्ण पुस्तक इंग्रजीत नेले.

हे पुस्तक अधूनमधून कुठले तरी पान उघडून वाचू नये, पहिल्या भागापासून सुरू करावे, असे मी ज्या ज्या बहिणी विचारतात त्यांना सांगते. शाळेच्या पुस्तकातले धडे वाचून ती फार विनोदी बाई होती एवढेच मनात राहते. चार वर्षांचा दत्तू घेऊन पंढरपुरात बसलेली बाई त्या धड्यांत नसते.

24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई आपल्या नाशिकातच वारल्या. शेवटचा, चौथा भाग त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. 'ख्रिस्तायना'चा शहात्तरावा अध्याय तेवढा राहिला होता. तो देवदत्तांनी लिहिला.